काडीभर आत

आमच्या घरात खाणारी तोंडं पाच, आणि सहावी दादांची वडापची, गावोगाव प्रवासी भरून नेणारी जीप. ती टायर खायची. खडकाळ वाटेसाठी माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिला स्प्रिंगचे जादा पाटे घालून उंच केलं होतं, त्यामुळे पुढची चाकं सारखी फाकायची आणि टायर घासून जायचे. नवा टायर घ्यायचा झाला की आमच्या चपला पुढच्या वर्षावर जायच्या. दादांना टेप वाचता येत नव्हती. ते चाकांना सुतळी लावायचे आणि त्यांची पुढची बाजू काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतकी आत घ्यायचे.

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तेच विचारलं, चाकं किती आत ठेवतात? माझ्या तोंडून गेलं, "काडीभर."

"कुठल्या गॅरेजातनं आलीस गं?" म्हणत सर हसले. मीही हसले. त्यांचं हसणं मी कधीच विसरले, माझं अजून सलतं. शिकलेल्यांत बसायला जागा हवी म्हणून मी घरच्या शब्दाला ओळख दाखवली नाही.

आज माझी स्वतःची उंच केलेली पिकअप अंगणात आहे. "मॅडम, असली गाडी आमच्या मशीनवर बसत नाही," असं अलाइनमेंटवाल्याने सांगितलं, म्हणून मीच सुतळी ताणली आणि चाकं आत-बाहेर करणारा रॉड अर्धा फेरा फिरवला. खुर्चीतून दादांनी विचारलं, "किती?"

"काडीभर."

"मिलिमीटरात सांग की! कशाला शिकवलं तुला?"

"दोन, दादा."

मग काडीही मोजली. तीही दोनच भरली.

डांबरी रस्त्यावर स्टिअरिंगवरचा हात सैल सोडून पाहिला. गाडी सरळ गेली.