बहिऱ्या कानात आलेला हुकूम

तिठ्यावर उतरवून ठेवलेला नारळ दिसला की पायाने बाजूला सारून बाइक पुढे काढणारा माणूस मी. वय एक्कावन्न, राहणार भिवंडी. या ग्रुपवर असले भुताखेतांचे अनुभव आले की हसण्याची पहिली इमोजी माझी असायची... आणि आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

वडप्याला हायवेलगत रेकॉर्ड ठेवायचं एक गोडाऊन आहे. ऑफिसं, ट्रस्ट वगैरे आपले जुने कागद खोक्यांत भरून आमच्याकडे ठेवतात. मी तिथे स्कॅनिंगला आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी – माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. साफ गेला. फोन त्या बाजूला धरला तर समोर कोणी बोलतंय की नाही हेही कळत नाही. त्यामुळे उजव्या कानाला मी फार जपतो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. लिफ्ट चालवणारा इरफान ती घेऊन वर गेला की रॅकचा नंबर ओरडतो, आणि खाली असलेल्या प्रत्येकाने तो मोठ्याने परत ओरडायचा. सगळ्यांनी ऐकलं याची खात्री झाल्याशिवाय तो खोकं हलवत नाही. खोकी उतरवून घेणारी जानकी डोंगरातल्या पाड्यावरून रोज कामाला येते. तिचा आवाज सगळ्यात खणखणीत. मी मात्र पुटपुटायचो, चारचौघांत ओरडायची मला लाजच वाटते. जानकी चिडवायची, "भाऊ, आवाज घरी ठेवून आलं काय?"

गेल्या हिवाळ्यात एका ट्रस्टची खोकी स्कॅनिंगला आली. इंग्रजांच्या काळात मुंबईत एक व्हॉलंटियर तोफखाना होता, त्याचे ते कागद. म्हणजे आठवडाभर ऑफिसात कारकुनी करायची आणि रविवारी गणवेश चढवून तोफा चालवायला शिकायचं, असली हौशी मंडळी. त्यात पत्रांचा एक गठ्ठा होता. लिहिणारा एक इंग्रज जनरल. नाव देत नाही, क्लायंटचे कागद आहेत. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत त्याची माहिती होती: तरुणपणी तो याच तुकडीत नवशिका अधिकारी होता. पुढे महायुद्धात एका अख्ख्या सैन्याचा सेनापती झाला, तरी ऐन लढाईतूनसुद्धा या कारकुनांना दर वर्षी पत्र पाठवायचा. हाताखाली लाखभर माणसं असताना याला यांची एवढी काय पडलीय, असं मला वाटलं. पहिल्या पत्राचं पहिलं पान मी स्कॅन केलं, तेवढंच वाचलं होतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. जानकी माझ्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर, खोकी लावत होती. आणि माझ्या डाव्या कानात कोणीतरी बोललं.

डाव्या! इंग्रजीत, दबक्या आवाजात... तोंड उघडं ठेवा.

मी गारठलो. खरंच डावीकडूनच येतंय का हे बघायला उजव्या कानावर तळहात गच्च दाबला. गोडाऊनचा सगळा आवाज बंद झाला, पण तो बोलणारा थांबला नाही. तेच वाक्य पुन्हा आलं, आणि मागोमाग – पुढे सांगा.

मी तोंड उघडलं. का, ते मला माहीत नाही. जानकीकडे बघितलं, तिनेही माझ्याकडे बघितलं. दोन-तीन सेकंद नक्की होते. ओरडता आलं असतं. पण ओरडणार काय? सगळे आपापली तोंडं उघडा? आयुष्यभर चिडवलं असतं लोकांनी. मी गप्प राहिलो.

तेवढ्यात शेजारच्या गोडाऊनमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी फुटली. आमच्या भिंतीचा पत्रा आत आला, सगळीकडे धूळच धूळ. इरफान वरून ओरडत होता, "सब ठीक है क्या? कोई बोलो ना!" जीव कोणाचा गेला नाही. माझ्या उजव्या कानाला काहीसुद्धा झालं नाही. जानकीच्या उजव्या कानातून मात्र रक्त येत होतं. तो कान गेला. माझ्या डाव्यासारखाच.

पंधरा दिवसांनी काम सुरू झालं आणि उरलेली पत्रं माझ्याच टेबलावर आली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता – त्या गनरचा, म्हणजे तोफ चालवणाऱ्याचा, कान आता कसा आहे? एका पत्रात त्याने सगळं लिहिलं होतं. तोफ सुटण्याआधी तोंड उघडं ठेवायचा हुकूम द्यायचा, आणि तो प्रत्येकाने मोठ्याने पुढे सांगायचा, अशी तिथली शिस्त. तोंड उघडं असलं की दणक्याने कानाचा पडदा फाटत नाही म्हणे. हा नवीन होता. याच्या बारीक आवाजाला वयाने मोठे गनर हसायचे, म्हणून त्या दिवशी याने हुकूम नुसता पुटपुटला. शेजारच्या गनरला तो ऐकूच गेला नाही, आणि त्याचा कान गेला.

मशीन बंद करून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग डॉक्टरांकडे जाऊन डावा कान तपासून घेतला. ते म्हणाले, "या कानात काही शिल्लक नाही, भास झाला असेल." असेलही. पण जे पान मी वाचलंच नव्हतं, त्यातल्या हुकुमाचा भास कसा होतो? आणि टाकी फुटायच्या आधी? तो आवाज पुन्हा आला नाही. मी मात्र दिवसातून चारदा उजवा कान दाबून बघतो. झोप धड लागत नाही.

जानकी कामावर परत आलीय. डबा खाताना मी तिच्या डाव्या बाजूला बसतो, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडे आणि तिचा माझ्याकडे. मी रोज विचारतो, "कान कसा आहे?" ती रोज सांगते, "हाय तसाच हाय."

परवा मात्र तिने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, एक इचारू? आवाज झाला त्याच्या आदी तुमी कानावर हात ठेवलता. तोंड बी उघडलं. मी बगितलं. तुमाला ठावं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही गं, जांभई आली होती."

तिने भाकरी उचलली आणि खायला लागली.

तो जनरल निदान त्याच लोकांना लिहून कबूल तरी झाला होता. मी हे सगळं इथे लिहिलंय, कारण जानकीला वाचता येत नाही.