पन्नाशीचं शून्य आणि हवाई दल

मी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांसमोर माझ्या आईला ओळख दाखवली नाही, ही माझी चूक. उडती तबकडी दिसल्याचं कळवलं, ही मात्र चूक नव्हती. हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन!

धानोरीच्या टेकडीवर सकाळी फिरायला गेलो होतो. खाली इमारतींच्या गर्दीवर एक चंदेरी कडं तरंगत होतं. आवाज नाही, धूर नाही, जागचं हलणंही नाही! आणि विमानतळ हाकेच्या अंतरावर! घरी येऊन मी हवाई दलाला सविस्तर ईमेल केला. (पुणेकर परग्रहवासीयांचं स्वागत नंतर करतो, आधी तक्रार.)

"अहो, ते जेवायला थांबणार आहेत का?" बायकोने विचारलं.

"कोण? अधिकारी?"

"तबकडीतले."

दुसऱ्याच दिवशी दोन अधिकारी आले आणि मला टेकडीवर घेऊन गेले. दिशा कोणती? उंची किती? दिवे होते? मी गंभीरपणे उत्तरं देत होतो.

"हे बघा, अजून तिथेच आहे!" मी ओरडलो.

मोठ्या साहेबांनी दुर्बीण लावली.

"आपण राहता कुठे?"

"त्या खालच्या इमारतींपैकीच एक."

"निळ्या टाकीची?"

"हो... का?"

"चला. तुमच्याच गच्चीवर जाऊ."

गच्चीवर जुन्या साडीवर वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. शेजारी विटेला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला, दोन मजले उंच, चंदेरी फुगा. माझ्या पन्नाशीला बायकोने पाच आणि शून्य असे दोन फुगे आणले होते. पाच केक कापतानाच फुटला. शून्य आईने कावळे भ्यावेत म्हणून वर सोडलं होतं!

"हे कोणाचं?" साहेबांचा आवाज चढला. "विमानांच्या वाटेत असलं काही चालत नाही. कारवाई होऊ शकते."

आई समोरच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"काय माहीत," मी म्हणालो. "सोसायटीत कोणी ना कोणी काहीतरी करतंच."

"काय माहीत?" आई पुढे झाली. "अहो साहेब, फुगा याचा, वय याचं, कुरडया खाणारा हाच! बांधला मी. न्यायचं तर मला न्या. पण जाताना साडीवर पाय पडता कामा नये!"

साहेब बूट सांभाळत मागे सरले. "आजी, फुगा तेवढा उतरवा."

"उतरवते. मग कावळे कोण हाकणार? तुमचं विमान?"

साहेबांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "यांचं आकाशाकडे चांगलं लक्ष असतं."

तेव्हापासून कुरडया वाळेपर्यंत मी टोपी घालून, काठी घेऊन गच्चीवर! लोक मुद्दाम वर येऊन विचारायचे, "काय, आज काही उतरलं का?" मी उलट विचारायचो, "खरंच तबकडी असती तर? तुम्ही कळवलं असतं?" पण आई कुरडया उलटायला आली की माझा सगळा ताठा जायचा. ती माझ्याशी बोलतच नव्हती.

शेवटी धीर करून म्हणालो, "आई, त्या दिवशी मी..."

डोक्यावरून विमान गेलं.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, मी तुझं नाव..."

दुसरं विमान.

"ऐकू येत नाही रे!"

मी छाती भरून श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आई, मी भित्रा आहे! मला माफ कर!"

त्या वेळी नेमकं एकही विमान नव्हतं. अख्ख्या सोसायटीने ऐकलं.