घरच्यांनी ठरवा

छातीत दुखतंय म्हणून अॅडमिट केलेल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हातात सलाइन थेंबथेंब उतरत होतं आणि मी नुसती बघत बसले होते. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी आधीच थकलेली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, “अँजिओग्राफी करावी लागेल. रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे रंगद्रव्य सोडल्याशिवाय ब्लॉकेज दिसणार नाही.” किडनीचे डॉक्टर म्हणाले, “डायनं किडनी बिघडू शकते.”

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“घरच्यांनी ठरवा,” दोघांचंही उत्तर एकच.

रक्तातून एवढं सगळं कळतं, पण आपल्या माणसाला डाय झेपेल का, हे मात्र आपण ठरवायचं.

शेवटी अण्णाच वैतागले. “छाती माझी दुखतेय. सही मी करतो.”

अँजिओग्राफी झाली, किडनीही टिकली. माझी चीड मात्र गेली नाही. किडनी बिघडली असती, तरी दोघं डॉक्टर एवढंच म्हणाले असते, की धोका सांगितला होता.