निरोगी गटातली नळी

आमच्या दंत महाविद्यालयात लाळेचे नमुने घेणाऱ्या बाईंचा चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मास्क काढावा लागू नये म्हणून त्या आमच्याबरोबर चहासुद्धा घेत नसत. माढ्याकडून आलेल्या बायकांना त्या आधी एकच विचारायच्या, "सकाळी मिश्री लावली का? खोटं बोलू नगा, लाळ समदं सांगती की." मी शेजारी बसून फॉर्म भरायचो.

प्रतिकारशक्तीची काही प्रथिनं लाळेत वाढलेली दिसली, तर दात हलायच्या आधीच हिरडीचा रोग ओळखता येईल का, हे आमच्या संशोधन करणाऱ्या मॅडम तपासत होत्या. तुलनेसाठी निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा बाईंनी स्वतःची लाळ दिली. घरचंच माणूस म्हणून मॅडमनी त्यांचं तोंड तपासलं नाही. मिश्रीच्या रकान्यात मी त्यांच्या सांगण्यावरून 'नाही' लिहिलं. मास्कमधून भाजक्या तंबाखूचा वास येत होता, तरी ते खोडलं नाही.

सोमवारी मॅडम कागद घेऊन आल्या. "निरोगी गटातल्या एका नळीत प्रथिनं रुग्णांइतकी आहेत. नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. टाकून देऊ ती."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. बाई नळ्या ठेवायचा बर्फाचा डबा पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. मग त्यांनी मास्क खाली ओढला. हिरड्या सुजलेल्या, दातांची मुळं उघडी पडलेली.

"अदलाबदल न्हाय मॅडम, ती नळी माझी हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, मिश्रीच्या रकान्यात 'व्हय' लिवा."