भाऊजींचा रबराचा रस्ता

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, वाढलेलं वरण कधी सरळ खाता आलं नाही. आधी उठून स्वयंपाकघरात यायचे, डाव पातेल्याच्या तळापर्यंत घालायचे, वर काढून निरखायचे. "वहिनी, वर पाणी अन् खाली गाळ. याला मिश्रण म्हणत न्हाईत." हे पाहुण्यांसमोरसुद्धा. मी तेव्हा स्वतःला गावातली पहिली सुगरण समजत होते. माझ्या वरणाला शेजारीण आंघोळीचं पाणी म्हणते, हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळे मी डाव हिसकावून घ्यायची आणि म्हणायची, "टायर न्हाई ते तुमचं."

टायर हेच त्यांचं जग. जुन्या जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, त्यांचं रिमोल्डिंगचं दुकान होतं. गुळगुळीत झालेलं टायर घासायचं आणि वर नवा थर चढवायचा. घासताना रबराचा काळा कीस पडायचा, पोतीच्या पोती. बाकीचे दुकानदार तो जाळायला देऊन टाकत. भाऊजी बीएस्सी झालेले, त्यात केमिस्ट्रीवाले. त्यांना तो कीस रस्त्याच्या डांबरात घालायचा होता, म्हणजे उन्हात डांबर पाघळणार नाही आणि थंडीत तडकणार नाही.

"नुसता कीस टाकला तर तळाला बसतो, तुमच्या डाळीसारखा," ते मला शिकवायचे. "भट्टीत एकदा पक्कं झालेलं रबर कशातच मिसळत न्हाई. त्याला आधी रसायनात शिजवून ढिलं करायचं. मंग ते डांबराला धरतं." या शिजवण्यात माझं पुरणाचं पातेलं गेलं. परत आणून दिलं तेव्हा आत आरशासारखं काळंभोर काहीतरी घट्ट बसलेलं. "बघा, वर-खाली बराबर एकसारखं," असं म्हणाले, जणू मला दागिनाच केला होता. मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

माणूस गोड मुळीच नव्हता. लग्नाला निघालेली जीप थांबवून खाली उतरायचे, नव्या रस्त्याचा पापुद्रा बोटांनी उचलायचे आणि ठेकेदाराच्या नावानं चार शब्द सुनावायचे. एकदा तो ठेकेदार त्याच लग्नात नवऱ्या मुलाचा मामा निघाला. आहेराचं पाकीट आमच्या हातातच राहिलं.

अशात मी सरपंच झाले. आरक्षण बाईचं निघालं आणि घरात रिकामी बाई मीच होते. पण मला वाटायचं, गाव माझ्या कर्तबगारीवर भाळलंय. गावातून अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, त्यामुळे रस्ता दरवर्षी उखडायचा. भाऊजींनी बांधकाम खात्याच्या साहेबांच्या मागं लागून तो रस्ता आपल्या रबरासाठी मिळवला. साहेब म्हणाले, "एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम टिकला, तर पुढच्या कामांना तुमचंच रबर सुचवतो." भाऊजींनी रिमोल्डिंगचं मशीन विकलं आणि रसायनाची मोठी टाकी बसवली. रस्ता उखडला तर पोटापाण्याला काही उरणार नव्हतं.

शुभारंभाच्या दिवशी रबर घातलेल्या डांबर-खडीचे वाफाळते डंपर ताडपत्री घालून रांगेत उभे राहिले. पुढारी यायचे होते. मी नवी साडी नेसून, ओवाळणीचं ताट धरून, पाठ केलेलं भाषण ओठांतल्या ओठांत घोळवत होते. भाऊजी लांब दांड्याचा थर्मामीटर मालात खुपसत फिरत होते. साधं डांबर थोडा दम धरतं, रबराचं लवकर आळतं. ते गरमच अंथरावं लागतं.

"वहिनी, नारळ मीच फोडतो. त्यांना फीत ठेवू कापायला."

"आसं कसं?" गावातली जुनी माणसं म्हणाली. "पुढारी रस्त्यात हायेत."

मीही शहाणपणा केला. "भाऊजी, अक्षता पडायच्या आधी पंगत बसवता का?"

"पंगतीतलं अन्न थंड झालं तरी गिळता येतं, वहिनी," ते म्हणाले आणि पुन्हा डंपरवर चढले.

पुढारी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हार, नारळ, भाषणं झाली. माझं भाषण चांगलंच लांबलं, टाळ्याही पडल्या. मग तो आळलेला माल ओतला, त्यावर रोलर फिरवला. शेवटचा डंपर तेवढा उशिरा भरून आला. तोवर पाहुणे जेवायला गेले होते, त्यामुळे त्यातला माल आल्याबरोबर, गरम असतानाच, ओढ्याजवळ अंथरला गेला.

पावसाळा सरायच्या आत खडी सुटली. "तुमच्या दिराचा रस्ता आमच्या अंगणात येऊन राह्यलाय, बाई," असं लोक मला ऐकवायचे. साहेब म्हणाले, रबर आपल्या हवेला जमत नाही. भाऊजी त्यांना हाताला धरून ओढ्याजवळ घेऊन गेले. तिथं एक खडा हलला नव्हता. साहेबांनी बुटाची टाच आपटून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्या तुकड्यात रबर टाकायचं राहून गेलेलं दिसतंय." गावानंही तेच उचललं.

टाकी भंगारात गेली. भाऊजी एका बियाणांच्या दुकानात पुड्या मोजायला बसले. घरी आले की वाढलेलं वरण मुकाट्यानं खायचे. मी मुद्दाम पातळ करायची, डाव जोरात आपटायची. ते म्हणायचे, "झकास झालंय, वहिनी." तेवढं एक खोटं ते माझ्याशी बोलले आणि ते ऐकवत नसे. मागच्या उन्हाळ्यात गेले.

यंदा रस्ता रुंद करायला घेतलाय. नातवाच्या गाडीवरून येताना ओढ्याजवळ जेसीबी अडलेला दिसला, म्हणून उतरले. चालवणारा घाम पुसत होता.

"आजी, मागचा सगळा पापडासारखा निघाला. ह्या तुकड्यानं बिलकुल जीव खाल्लाय. कोणी केल्ता हा?"

"माझ्या दिरानं."

"मंग बाकीचा बी त्यांनाच द्यायचा व्हता ना," तो म्हणाला. मग त्यानं पुढं खडक फोडायचा ब्रेकर जोडला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.