जमिनीवर बसून पाहिलेलं चर्च

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, पण पाहायला शिकवलं ते बाईंनी. त्यांचा तास व्हरांड्यात, फरशीवर बसून व्हायचा. चित्र भिंतीला टेकवून त्या म्हणायच्या, "आधी क्षितिजरेषा शोधा. चित्रकाराचा डोळा तिथं होता. तुमचा तिथं न्या."

आता मी परदेशात, वॉलॉंगॉंगला राहतो, जवळच्या पोर्ट केंब्ला बंदराला इंजिनिअर आहे. इथल्या एका गॅलरीत स्वयंसेवक लोकांना चित्रं समजावून सांगतात. मला त्यांच्यात जायचं होतं. त्यासाठी एका चित्रासमोर बोलून दाखवावं लागतं. मी निवडलं एकोणिसाव्या शतकातलं एक मोठं डच तैलचित्र. चर्चचा आतला भाग: पांढरे खांब, उंच कमानी, दगडी फरशीवर ऊन, आणि खाली कोपऱ्यात ठेंगण्या स्टुलावर एक म्हातारी.

"विहारात जाणारा माणूस तू, चर्चबद्दल काय सांगणार?" बायकोने चिडवलं.

"यात येशू कुठे आहे, दाखव बरं."

तिने फोनवर फोटो मोठा करून शोधला. "एक मूर्ती नाही रे! आपल्याकडे निदान बुद्ध तरी असतो."

मी सगळं पाठ करून गेलो. निवड करणारे गृहस्थ शांतपणे ऐकून म्हणाले, "मित्रा, हे शेजारच्या पाटीवर लिहिलंय. तुला काय दिसतं?" मी पुन्हा पाटीकडेच पाहिलं. "नो वरीज, पुन्हा ये," ते म्हणाले.

पुन्हा जायचंच, हे मी तिथेच ठरवलं. त्यानंतर बरेच रविवार त्या चित्रासमोर उभा राहिलो. फरशी भिंतीसारखी उभी वाटायची, खांब अंगावर यायचे. माझं काय चुकतंय कळत नव्हतं. एकदा पाय दुखले म्हणून तिथेच मांडी घातली, आणि वर पाहिलं.

दुसऱ्या परीक्षेनंतर बाईंना पत्र पाठवलं, ते असं:

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.
मी निवडला गेलो. या वेळी काही पाठ केलं नव्हतं. निवड करणाऱ्या साहेबांना म्हटलं, "खाली बसता का?" ते गुडघ्यांवर हात ठेवून, कुरकुरत बसले. त्या चित्रातली क्षितिजरेषा स्टुलावरच्या म्हातारीच्या डोळ्यांतून जाते. चित्रकार तिच्याएवढाच खाली बसला असणार. साहेबांचा डोळा तिथं आला, तशी फरशी आडवी झाली आणि पार मागच्या खिडकीपर्यंत पसरली. मग त्यांनी विचारलं, "हे कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकलास?" मी तुमच्या व्हरांड्याबद्दल सांगितलं.
पुढच्या रविवारी लोकांना घेऊन गॅलरीत माझी पहिली फेरी आहे. सगळ्यांना खाली बसवणार. ज्यांना मांडी घालता येत नाही, त्यांच्यासाठी ठेंगणी स्टुलं मागितली होती. मिळाली.
तुमचा विद्यार्थी