तांबेऱ्याचं माहेर

आत्या लग्नाच्या भानगडीत पडली नाही. "मला झाडं पुरेत," म्हणायची. लोक हसायचे. हसेनात का! घरामागची आलुबुखारची सगळी झाडं तिने स्वतः कलमं बांधून उभी केली होती. पण गेली काही वर्षं तांबेरा रोग हात धुऊन त्यांच्या मागे लागला होता. पानांवर पिवळे ठिपके, खाली तपकिरी भुकटी, आणि ऐन उन्हाळ्यात झाडं बोडकी. औषधं फवारून फवारून आत्याच्या नाकी नऊ आले.

शेवटी दादाने, तिच्या थोरल्या भावाने, निर्वाणीचं सांगितलं, "यंदाही पानं गळली, तर झाडं पाडायची. करवतवाल्याला उन्हाळ्यात यायला सांगितलंय मी."

"आधी माझ्यावर चालव म्हणावं!" आत्या फणकारली, आणि आत जाऊन ढसाढसा रडली.

आता गंमत बघा. दर वर्षी गळलेली पानं आत्या झाडून गोळा करायची आणि वहिनीच्या ॲनिमोनच्या फुलझाडांच्या वाफ्यावर पसरायची. थंडीत कंद उबदार राहावेत म्हणून! नणंद-भावजयींचं एवढ्या एकाच गोष्टीत कधी वाजलं नव्हतं.

थंडी सरली तशी वहिनी कुरकुरली, "फूल म्हणून नाही गं एकही. पानं बघ कशी जाड झालीत."

आत्याने पान उलटलं. खाली चिमुकल्या पिवळ्या वाट्या! तो पिवळा रंग तिच्या चांगलाच ओळखीचा होता. पान डब्यात घालून ती तडक कृषी अधिकाऱ्याकडे गेली.

त्याने भिंगातून पाहिलं. "अहो, हाच तुमचा तांबेरा! याला दोन घरं लागतात. गळलेल्या पानांतून फुलझाडावर जातो, कंदात मुरतो, आणि इथून परत आलुबुखारवर."

"अरे देवा! म्हणजे दर वर्षी मीच त्याची माहेरी पाठवणी करत होते!"

पण वहिनीला सांगायचं कुठल्या तोंडाने? ते कंद तिच्या आईने दिलेले. आत्याने चाचरत सांगितलं. वहिनी उठली आणि कुदळ घेऊन आली.

"झाडं गेली तर तू झुरून मरशील, बाई. त्यापेक्षा फुलं गेलेली बरी," ती म्हणाली. कंद उपटताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती. दोघींनी मिळून सगळा वाफा जाळून टाकला.

आणि उन्हाळ्यात? पानं हिरवीगार! एखादा ठिपका होता इथेतिथे, तेवढाच. फांद्या फळांनी वाकल्या होत्या. दादा इतका हरखला, की करवतवाल्याला नको म्हणून कळवायचंच विसरला. तो आला आणि आ वासून फाटकातच उभा राहिला.

"बघत काय बसलात? ठेवा ती करवत आणि शिडी धरा!" आत्या गरजली. "दादा, चढ वर!"

दादा मुकाट्याने चढला. पहिलं फळ खाली आलं, ते आत्याने पुसून वहिनीच्या हातावर ठेवलं. वहिनीने रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं, मग कचकन चावा घेतला. रस हनुवटीवर ओघळला.

"गोड आहे मेलं!" ती म्हणाली, आणि आत्याने तिला तिथेच घट्ट मिठी मारली.